चारशे एक्कावन्नचा आकडा आणि खरा गोवा

गोव्याविषयीचा लेख असो, शाळेतला धडा असो की सहलीची जाहिरात असो, सुरुवात एकाच आकड्याने होते. पोर्तुगीजांनी गोव्यावर ४५१ वर्षे राज्य केले. १५१० ते १९६१ ही वजाबाकी बिनचूक आहे, आणि म्हणूनच तिच्यावर कोणी शंका घेत नाही. तिच्या पाठोपाठ तीन विधाने येतात. गोव्याची संस्कृती अर्धीअधिक पोर्तुगीज आहे. गोवेकर म्हणजे मुख्यतः ख्रिस्ती माणूस. आणि गोव्याचे पोट किनाऱ्यावरच्या पर्यटनावर चालते. पोर्तुगीज काळाबद्दल हळहळणारे हा आकडा अभिमानाने सांगतात, आणि मुक्तिसंग्रामाचे अभिमानी तोच आकडा गुलामगिरीची लांबी म्हणून सांगतात. एरवी एकमेकांशी कशावरही न पटणारे हे दोन पक्ष या आकड्यावर मात्र एकमत आहेत. माझे म्हणणे असे आहे, की ४५१ हा आकडा गोव्याच्या एका लहान भागापुरता खरा आहे, उरलेल्या गोव्यापुरता खोटा आहे, आणि त्याच्या आधाराने उभी केलेली तिन्ही विधाने तपासणीला टिकत नाहीत.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. जुन्या गोव्यातली चर्चे आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. गोव्यात आजही पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर, डोंगरउतारावरचा काजू, पणजीच्या फोंताइनींतली रंगीत घरे, मांडो गीतांच्या सुरावटी, मडगाव-म्हापशाकडची आडनावे, हे सगळे पोर्तुगीज संबंधातून आलेले आहे आणि ते गोव्याचेच आहे. यातली एकही गोष्ट मी नाकारत नाही. प्रश्न इतकाच आहे, की हा गोवा म्हणजे सगळा गोवा का?

उत्तरासाठी जिंकण्याच्या तारखा पाहाव्या लागतात. अफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतला, काही महिन्यांत गमावला आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतला. पण त्याने घेतले ते तिसवाडी बेट आणि त्याच्या आसपासची बेटे, म्हणजे मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांमधला तुकडा. बार्देश आणि सासष्टी हे महाल आदिलशाहीकडून कायमचे मिळाले ते १५४३ मध्ये. यांना पोर्तुगीज दप्तरात जुन्या काबिजादी म्हणतात. आजच्या हिशेबाने त्यात तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि मुरगाव हे चार तालुके येतात, आणि ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याचा जेमतेम पाव भाग व्यापतात. यापुढे पोर्तुगीज सत्तेची सरहद्द दोनशे वीस वर्षे जवळजवळ तिथेच थांबली. फोंडा १७६३ मध्ये त्यांच्याकडे आला. हैदर अलीच्या स्वारीमुळे सौंद्याचा राजा पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला, तेव्हा केपे, सांगे, काणकोणकडचा मुलूख मिळाला. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे सावंतवाडीकर भोसल्यांचे महाल. तिथली काही ठाणी आधीही हातची गेली-आली होती, पण पक्का अंमल १७८१ ते १७८८ या काळात बसला. या नव्या काबिजादी. आजच्या बारापैकी आठ तालुके त्यात मोडतात.

आता वजाबाकी पुन्हा करावी. तिसवाडीत पोर्तुगीज अंमल ४५१ वर्षे होता, सासष्टी-बार्देशात ४१८, फोंड्यात १९८ आणि पेडण्यात १७३. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षे पोर्तुगीजांकडे होती. फोंडा पोर्तुगीजांकडे राहिला त्यापेक्षा वसई अधिक काळ राहिली. तरी वसईच्या इतिहासाला कोणी निव्वळ पोर्तुगीज इतिहास म्हणत नाही. तिथले ख्रिस्ती शेतकरी, आगरी, ब्राह्मण, चिमाजी अप्पांची मोहीम, ब्रिटिश रेल्वे, सगळे धरूनच वसई सांगितली जाते. फोंड्याला मात्र हा न्याय मिळत नाही, कारण तो गोव्याच्या नकाशात आहे आणि नकाशाला एकच आकडा चिकटवलेला आहे.

ही दोन गोव्यांमधली रेषा कशी होती हे एका देवळावरून पाहता येते. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव. आपल्या बिरुदात ते त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख करीत. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर, तिसवाडीत. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अंमलात, ते देऊळ पाडले गेले आणि लिंग नदीपार डिचोली महालातल्या नार्वे गावात नेले. तिथे पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. त्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला, आणि तसा शिलालेख देवळावर आहे. दिवाडी आणि नार्वे यांच्यामध्ये फक्त नदीचे पात्र आहे, आजही लोक फेरीबोटीने ते पार करतात. एका काठावर व्हाइसरॉयचा अंमल, दुसऱ्या काठावर छत्रपतींनी बांधवलेले देऊळ, आणि दोन्ही काठ आजच्या गोव्यातच. १६६८ साली सारा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता असे मानले, तर हा शिलालेख समजूच शकत नाही.

मंगेशी, शांतादुर्गा आणि म्हाळसा यांची कथाही हीच. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी म्हणजे कुठ्ठाळी, शांतादुर्गेचे केळोशी, म्हाळसेचे वेर्णे. ही तिन्ही गावे जुन्या काबिजादींतली. सोळाव्या शतकात देवळे मोडण्याचे सत्र सुरू झाले तेव्हा भाविकांनी मूर्ती रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या मुलखात नेल्या. प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ इथली आजची मंदिरे त्यातून उभी राहिली. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. पोर्तुगीज अंमलातून पळालेल्या हिंदू देवांना विजापूरच्या मुसलमान राजवटीत आसरा मिळाला. पुढे १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी फोंड्यावर चालून आलेल्या व्हाइसरॉयला माघार घ्यायला लावली आणि मराठे थेट जुवें बेटापर्यंत पोचले. पर्यटक ज्याला गोव्यातला देवळांचा पट्टा म्हणतात तो फोंड्यातच का, याचे उत्तर या सरहद्दीत आहे.

ही सरहद्द फक्त जमिनीवर नव्हती, काळातही होती. जुन्या काबिजादींवर राज्य सुरू झाले ते धर्मांतराच्या उत्साहाच्या शतकात. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. नव्या काबिजादी मिळाल्या तोवर पोर्तुगाल बदलला होता. १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज राज्यातून हाकलले गेले, १७७४ मध्ये इन्क्विझिशन काही वर्षांपुरते बंद झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. नव्या मुलखात धर्म आणि चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण ठरले. म्हणून पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा येथे हिंदू बहुसंख्य राहिले आणि सासष्टीत ख्रिस्ती समाज दाट झाला. गोव्याचा आजचा धार्मिक नकाशा कोणा एका समाजाच्या स्वभावातून उमटलेला नाही. कोणता महाल कोणत्या साली जिंकला गेला, यावर तो ठरला आहे.

सत्ता बसली म्हणून सत्ता मान्य झाली, असेही नाही. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले आणि त्याची किंमत गावाच्या प्रमुखांनी जिवानिशी मोजली. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो कुटुंबाच्या नावाने ओळखला जाणारा कट उघडकीस आला. त्यात पुढे होते ते गोमंतकीय ख्रिस्ती धर्मगुरूच, आपल्या रंगामुळे वरची पदे नाकारली जातात या रागाने पेटलेले. सत्तरीच्या राण्यांनी दीपाजी राणे यांच्या नेतृत्वाखाली १८५२ मध्ये आणि दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली १८९५ मध्ये सरकारला जेरीस आणले. विसाव्या शतकात त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली, आणि १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदीहुकूम मोडला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण मारले गेले. साडेचारशे वर्षांच्या शांत सहजीवनाचे चित्र या घटनांच्या यादीसमोर उभे राहत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. क्षेत्रफळ पाव असेल, पण माणसे? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि तिच्यातले निम्म्याहून अधिक लोक जुन्या काबिजादींच्या चार तालुक्यांत राहत होते. मग निदान त्यांच्यापुरता तरी ४५१ चा आकडा गोव्याचा आत्मा सांगतो की नाही? माझे उत्तर आहे, तिथेही पूर्ण सांगत नाही. कारण जुन्या काबिजादींतल्या गावाचा सांगाडा पोर्तुगीजांच्या आधीचा आहे आणि तो त्यांना मोडता आला नाही.

त्या सांगाड्याचे नाव गावकरी. गावची जमीन एका माणसाची नसून मूळ गावकरांच्या वांगडांची, म्हणजे कुळांची, सामाईक. शेतांचा लिलाव होई, त्यातून देऊळ, बांध, वाटा, गावचे सेवेकरी यांचा खर्च भागे, शिल्लक गावकरांत वाटली जाई. अल्बुकर्कनंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १५२६ मध्ये, अफोंसो मेक्सिया या महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या या चालीरीतींची सनद तयार केली. सनदेत त्याने नवी व्यवस्था बसवली नाही. जी होती ती लिहून घेतली आणि सारा मात्र पोर्तुगीज सरकारकडे वळवला. पुढे गावकरीला कोमुनिदाद हे नाव पडले, देवळाच्या जागी चर्च आले, पण शेताचा लिलाव आणि वांगडांची नावनिशी चालूच राहिली. आजही सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी गोव्यात आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबींनी गोव्याच्या या ग्रामसंस्थांचा अभ्यास केला तो त्या इतक्या जुन्या आणि इतक्या टिकाऊ आहेत म्हणूनच.

गावकरीचे सर्वांत मोठे काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर खाजन शेताच्या बांधावर उभे राहावे. गोव्याच्या नद्यांत भरतीचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आत येते. त्या पाण्यापासून चिखलमातीचे आणि जांभ्या दगडाचे बांध घालून जी जमीन वाचवली ती खाजन. अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन गोव्यात आहे. बांधाला मानस म्हणजे लाकडी दरवाजा असतो. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तो आपोआप मिटतो, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतो. पावसात शेतात खाऱ्या मातीला तोंड देणारे कोरगुट भात, पाणी उतरताना मानसीच्या तोंडाशी जाळे लावून मासे आणि सुंगटे, आणि त्या मासेमारीचाही लिलाव. एकाच जमिनीतून भात, मासे आणि काही ठिकाणी मीठ काढणारी ही व्यवस्था पोर्तुगीजांना आयती मिळाली. गोव्याच्या भूगोलावर गोवेकरांनी केलेले सर्वांत मोठे बांधकाम कोणते, असे विचारले तर मी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चचे नाव घेणार नाही. खाजनाच्या बांधांचे घेईन.

भाषेचेही तेच झाले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावे. फर्मान फसले. तीन शतकांनंतर, १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय वापर मान्य झाला. पोर्तुगीज शिकलेल्यांचा एक कर्तबगार थर होता, फ्रांसिस्को लुईस गोमिश लिस्बनच्या संसदेत बोलत होते. पण शेतावर, बाजारात, स्वयंपाकघरात ती भाषा रुजली नाही. उलट परक्या धर्मप्रचारकालाच इथल्या भाषेचा आधार घ्यावा लागला. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने ख्रिस्तपुराण रचले ते मराठी ओव्यांत, आणि १६१६ मध्ये ते सासष्टीतल्या रायतूरला छापले गेले.

आणि धर्म बदलला तरी गाव बदलले नाही, याचा पुरावा वर्षाला एकदा रस्त्यावर दिसतो. १५८३ च्या बंडाच्या कुंकळ्ळीतली शांतादुर्गा नदी-डोंगर ओलांडून फातर्प्याला गेली. शिगम्याच्या सुमारास तिच्या छत्र्या मिरवत फातर्प्याहून कुंकळ्ळीला आणतात. बारा वांगडांच्या बारा छत्र्या. या वांगडांचे वंशज आज हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही, आणि त्या दिवशी गावचा मान दोघेही सांभाळतात. फातर्पे केपे तालुक्यात, नव्या काबिजादीत. कुंकळ्ळी सासष्टीत, जुन्या काबिजादीत. चारशे वर्षांच्या दोन राजवटींना जे तोडता आले नाही ते बारा छत्र्या दर वर्षी जोडून दाखवतात.

आता लोकांकडे वळू. २०११ मध्ये गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ टक्के आणि मुसलमान ८ टक्क्यांहून थोडे अधिक होते. ‘गोवेकर म्हणजे ख्रिस्ती’ हे विधान इथेच संपते. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गोव्यात ख्रिस्ती बहुसंख्य होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे हे प्रमाण उतरले त्याचे मोठे कारण स्थलांतर. बार्देश-सासष्टीचा ख्रिस्ती तरुण मुंबईला, कराचीला, पूर्व आफ्रिकेला, बोटींवर आणि नंतर आखातात गेला. मुंबईत धोबीतलाव परिसरात गावागावांच्या नावाने कूड म्हणजे वसतिगृहे उभी राहिली; कोकणी तियात्र नाटकाचा पहिला प्रयोगही १८९२ मध्ये मुंबईतच झाला. पोर्तुगीज राज्यात पोट भरले असते तर माणसे इतक्या संख्येने घर सोडून गेली नसती. या साध्या गोष्टीचा विसर ‘सोनेरी गोवा’ सांगणाऱ्यांना पडतो.

हिंदू आणि ख्रिस्ती या दोनच रकान्यांत गोवा मांडण्याचीही चूक होते. गावडे, कुणबी, वेळीप हे गोव्याचे आद्य रहिवासी मानले जातात. शेती, मासे, धालो, रानातले ज्ञान यांतून गोव्याचा तळ त्यांनी घडवला. अनुसूचित जमाती म्हणून त्यांची नोंद व्हायला २००३ उजाडले, आणि २०११ मध्ये अनुसूचित जमातींची संख्या राज्याच्या दहा टक्क्यांवर होती. त्यांच्यात हिंदू गावडे आहेत, ख्रिस्ती गावडे आहेत आणि १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धीतून परतलेले नवहिंदू गावडेही आहेत. कुशावतीच्या काठी उसगळीमळला जांभ्या खडकावर हजारो वर्षांपूर्वीची कोरीव चित्रे आहेत. ४५१ वर्षांच्या पट्टीने मोजायला गेलो तर हा सगळा गोवा मोजपट्टीच्या बाहेरच राहतो.

इथे आम्हा मराठी लोकांनाही एक गोष्ट ऐकून घ्यावी लागेल. पोर्तुगीज गोव्याचे खंडन करताना आपण दुसऱ्या टोकाला जातो आणि म्हणतो, गोवा हा कोकणचाच एक तुकडा, परक्यांनी तोडलेला. संबंध खरेच घट्ट आहेत. भाऊ दाजी लाड पेडण्यातल्या मांद्र्याचे, दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरकर केरीच्या, धर्मानंद कोसंबी सांखवाळचे. यांना वगळून मराठी विद्या आणि संगीत सांगताच येणार नाही. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने निर्णय दिला. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. पेडणे, डिचोली, सत्तरी यांचा ओढा विलीनीकरणाकडे होता, सासष्टी ठामपणे विरोधात होती. म्हणजे जुन्या आणि नव्या काबिजादींची रेषा मतपेटीतही उतरली. तरीही हा निकाल निव्वळ ख्रिस्ती मतांचा नव्हता. तेव्हा गोव्यात हिंदू बहुसंख्य होते आणि चोपन्न टक्क्यांहून अधिक मते विरोधात गेली, ती मोठ्या हिंदू गटाच्या साथीशिवाय जाणे शक्यच नव्हते. विलीनीकरणविरोधी नेते डॉ. जॅक सिकेरा यांच्याबरोबर रवींद्र केळेकरांसारखे लेखकही त्या बाजूला होते. ३० मे १९८७ रोजी गोवा देशातले पंचविसावे राज्य झाले, त्याचा पाया या कौलात आहे. गोवा पोर्तुगालचे अपत्य नाही आणि महाराष्ट्राचा हरवलेला तालुकाही नाही.

राहिला अर्थकारणाचा मुद्दा. गोव्यात वर्षाला येणारे पर्यटक २०२४ मध्ये एक कोटीच्या घरात गेले, त्यामुळे गोवा पर्यटनावर जगतो ही समजूत दृढ होणे स्वाभाविक आहे. सरकारी अंदाजात राज्याच्या उत्पन्नातला पर्यटनाचा वाटा साधारण सोळा टक्के सांगितला जातो. मोठा वाटा आहे, पण सहाव्या हिश्श्याइतका. राज्याच्या उत्पन्नात सर्वांत वजनदार क्षेत्र कारखानदारीचे आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्या, वास्कोचा जहाजबांधणी कारखाना, झुआरीनगरचा खत कारखाना ही त्यातली ठळक नावे. दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या पहिल्या काही राज्यांत असतो, तो किनाऱ्यावरच्या खुर्च्यांच्या जोरावर नव्हे.

ही समृद्धी पोर्तुगीजांचे देणे आहे का? जुने गोवे शहर सोळाव्या शतकात श्रीमंत होते, यात वाद नाही. पण ती श्रीमंती समुद्री व्यापारावरच्या मक्तेदारीची होती. डचांनी ती मोडल्यावर शहर ओस पडत गेले, साथींनी उरलेसुरले संपवले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने रेल्वे आणि मुरगाव बंदर आणले, पण गोव्याच्या मिठागरांचा मक्ता इंग्रजांच्या हाती देऊन त्यांची रया घालवली. १९६१ मध्ये गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत होती आणि दहांतल्या जेमतेम तिघांना लिहिता-वाचता येत होते. खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा पोचल्या त्या दयानंद बांदोडकरांच्या सरकारच्या काळात. कुळांना आणि मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणारे कायदे अनुक्रमे १९६४ आणि १९७५ मध्ये आले. २०११ मधला ८८ टक्क्यांहून अधिक साक्षरतेचा गोवा मुक्तीनंतरच्या अर्धशतकाचे काम आहे.

मुक्तीच्या आधीच्या दशकात खरी उलाढाल झाली ती लोहखनिजाची. युद्धानंतरच्या जपानच्या पोलाद कारखान्यांना गोव्याचे खनिज हवे होते. ते निघाले कुठून? डिचोली, सांगे, केपे आणि आजच्या धारबांदोड्यातून, म्हणजे नव्या काबिजादींच्या पोटातून. बार्जेसनी मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात गेलेल्या या खनिजाची निर्यात २०१०-११ पर्यंत पाच कोटी टनांच्या आसपास पोचली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले. खाणबंदीचा घाव बसला तो ट्रकमालकांवर, बार्जवाल्यांवर, गॅरेजवाल्यांवर. गाळ साचलेली शेते आणि आटलेले झरे मात्र खाणी जोरात चालू असतानाच गावांच्या वाट्याला आले होते. ज्या गोव्यात हे सगळे घडले तो गोवा एकाही सहल-पत्रकात दिसत नाही.

पाण्याचेही तसेच. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे नळ वाहतात ते साळावली, ओपा, अंजुणे, तिळारी यांच्या पाण्यावर. पहिली तीन स्थाने नव्या काबिजादींत आहेत, आणि तिळारीचे धरण महाराष्ट्रातल्या दोडामार्गात. साळावलीच्या जलाशयासाठी सांगे तालुक्यातले कुर्डी गाव बुडाले, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरले की सोमेश्वराचे देऊळ, घरांची जोती, जुन्या वाटा वर येतात. विखुरलेले गावकरी, हिंदू आणि ख्रिस्ती, तिथे जमतात, उत्सव करतात, आणि पावसाबरोबर गाव पुन्हा पाण्याखाली जाते. दक्षिण गोव्याच्या समृद्धीची किंमत या लोकांनी दिली.

शेवटचा आक्षेप असा, की नागरी कायदा तरी साऱ्या गोव्यावर सारखाच चालतो ना? चालतो, आणि पतीपत्नींच्या मालमत्तेत दोघांचा समान हक्क मानणारी त्याची तरतूद मोलाची आहे. पण तो कायदाही १८८० मध्ये हिंदूंच्या चालीरीतींसाठी वेगळी तरतूद करूनच इथे टिकला. जिथे पोर्तुगीज सत्ता इथल्या समाजाशी तडजोड करून वागली तिथे तिचे काही उरले, जिथे फर्मानाने वागली तिथे काही उरले नाही. इतका निष्कर्ष पुरावा देतो, याहून मोठा देत नाही.

हा वाद कालगणनेपुरता असता तर मी इतका आग्रह धरला नसता. पण आकड्याचे परिणाम आजही चालू आहेत. गोवा म्हणजे चार किनारी तालुके असे एकदा मानले, की सत्तरीतल्या मोकाशाखालच्या, म्हणजे जुन्या इनामी, जमिनींच्या मालकीचा प्रश्न, खाणपट्ट्यातल्या शेतांचा प्रश्न, म्हादई नदीच्या पाण्याचा प्रश्न आणि खाजनाच्या फुटक्या बांधांचा प्रश्न हे ‘गोव्याचे’ प्रश्न वाटेनासे होतात. ते कुठल्याशा आडगावाचे वाटतात. बांध फुटून खाजन खारे झाले की ते शेत पडीक म्हणून दाखवले जाते, आणि पडीक जमिनीवर बांधकामाचा परवाना मागायला वेळ लागत नाही. इतिहास चुकीचा मांडला की जमीन अशी हातची जाते.

म्हणून मराठी लेखकांना, संपादकांना आणि पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, की ‘गोव्यावर पोर्तुगीजांचे ४५१ वर्षे राज्य होते’ हे वाक्य यापुढे लिहू नये. त्याऐवजी लिहावे: पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी, १५४३ मध्ये बार्देश-सासष्टी आणि १७६३ ते १७८८ या काळात उरलेला गोवा घेतला, १९ डिसेंबर १९६१ रोजी सगळा गोवा मुक्त झाला. वाक्य थोडे लांब होते, पण ते खरे आहे, आणि त्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा प्रत्येक गोवेकर सामावतो.